खासगी सचिव (राष्ट्रीय नेत्याचा)

राष्ट्रीय पातळीवरच्या नेत्याचा पत्रव्यवहार, भेटीगाठी, टिपण्या, मसुदे आणि दौरे सांभाळणारा त्याचा निकटचा सहकारी. नेता केंद्रात मंत्री असेल तर हे सरकारी पद असते आणि सोबतीला अतिरिक्त खासगी सचिव, विशेष कार्य अधिकारी, स्वीय सहायक असतात. पंतप्रधानांसाठी स्वतंत्र सचिवाचे पद 1964 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या काळात निर्माण झाले आणि त्यावर ल. कृ. झा यांची नेमणूक झाली. नेता चळवळीतला असेल तर ना पद असते ना वेतनश्रेणी, काम मात्र तेच. नेत्यापर्यंत काय पोहोचते आणि त्याच्या नावाने काय बाहेर जाते, या दोन्ही वाटा सचिवाच्या हातात असतात. त्यांतली दुसरी अधिक जोखमीची.

पुण्यात या कामाची घडी पेशव्यांच्या हुजूर फडात, म्हणजे त्यांच्या मुख्य कचेरीत, बसली. फडणीस हिशेब आणि दफ्तर पाहत, चिटणीस पत्रे लिहीत. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे समाप्तीची छोटी मुद्रा, उठवत. मोर्तबाखाली वाढवलेली ओळ कोणी मानीत नसे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यामागे कागदात ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका आहे. ती सिद्ध झालेली नाही, पण सही झालेला कागद कोणाकोणाच्या हातातून गेला हे सचिवाला ठाऊक असलेच पाहिजे, ही तिच्यातली धास्ती खरी आहे. आज तीच दक्षता वेगळ्या रीतीने घेतात. बहुपानी पत्राच्या प्रत्येक पानावर आद्याक्षरी असते, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहितात, सहीच्या वर मोकळी जागा सोडत नाहीत. सहीचे पान कधी एकटे नसावे; मजकुराच्या दोन-तीन ओळी त्यावर आल्याच पाहिजेत. लेटरहेडवर क्रमांक घालून ती कुलपात ठेवावीत. दौऱ्यावर निघताना कोऱ्या लेटरहेडवर आगाऊ सह्या घेऊन ठेवणे सोयीचे वाटते, पण बनावट शिफारसपत्रांना वाट तिथूनच मिळते.

टपाल रोज ठरलेल्या वेळी एकदाच फोडावे. प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक, तारखेचा शिक्का आणि एका ओळीत सार: कोण, काय मागतो, कधीपर्यंत. मग तीन गठ्ठे होतात. काही पत्रे नेत्याने पाहायची, काहींना सचिवाने उत्तर द्यायचे, उरलेली संबंधित खात्याकडे पाठवायची. पहिला गठ्ठा पंधरा-वीस पत्रांपलीकडे गेला की नेता वरची पाच वाचतो आणि बाकीची बॅगेत फिरत राहतात. आठवड्यातून चार-पाच कडक, टीकेची पत्रे सार न काढता मूळ स्वरूपात नेत्यापुढे ठेवावीत. सारांशात राग गळून जातो आणि बाहेर काय वातावरण आहे याचा नेत्याला पत्ता लागत नाही.

टिपणी हा या कामाचा गाभा. ती एका पानाची असावी. जोडपत्रे कितीही चालतील, पण त्यांना चिठ्ठ्या लावून टिपणीत पान क्रमांक द्यावा. पहिल्याच वाक्यात कोणता निर्णय हवा ते येते. मग वस्तुस्थिती, नियम आणि खर्च, आधी याच विषयावर झालेला निर्णय, आणि विरोधकांचे म्हणणे त्यांना मान्य होईल अशा शब्दांत. शेवटी पर्याय आणि सचिवाचे स्वतःचे मत, दोन्ही वेगवेगळे. मत वस्तुस्थितीत मिसळले तर नेता सचिवाच्या डोळ्यांनी पाहू लागतो. सुरुवातीला ते कोणाच्याच लक्षात येत नाही. सरकारी नस्तीवरची (फाइलवरची) टिपणी माहिती अधिकार कायद्याखाली (2005) उद्या बाहेर येऊ शकते, म्हणून चौकात वाचून दाखवता येणार नाही असे वाक्य तिच्यात लिहू नये.

आकड्यांच्या बाबतीत पुण्यातली दोन उदाहरणे अभ्यासण्याजोगी आहेत. गोपाळ कृष्ण गोखले 1890 मध्ये पुण्याच्या सार्वजनिक सभा या राजकीय संस्थेचे चिटणीस झाले आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या देखरेखीखाली सरकारी अहवाल वाचून मसुदे करण्यात तयार झाले. पुढे स्वतः नेते झाल्यावर त्यांना आर्थिक आकडेवारीत मोठे साहाय्य मिळाले ते गणेश व्यंकटेश जोशी या शाळेतल्या मुख्याध्यापकांचे. गोखल्यांच्या अर्थसंकल्पावरील भाषणांचा दबदबा होता, त्यामागे हे पडद्याआडचे कष्टही होते. दुसरे उदाहरण 1897 चे. गोखले इंग्लंडमध्ये असताना प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना पुण्याहून आली. त्यांवर विसंबून त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये आरोप केला. परतल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. पत्रलेखकांची नावे त्यांनी उघड केली नाहीत आणि जाहीर माफी मागितली. नेत्याच्या तोंडून गेलेला आरोप नेत्यालाच फेडावा लागतो. म्हणून माहितीच्या समासात ‘स्वतः पाहिले’, ‘पाहणाऱ्याने सांगितले’ किंवा ‘ऐकीव’ अशी खूण करावी आणि आरोपासाठी एकमेकांशी संबंध नसलेले दोन साक्षीदार व एक कागद हाती असल्याशिवाय तो भाषणात घालू नये.

भेटींच्या यादीत दर तीन भेटींनंतर पंधरा मिनिटे मोकळी सोडावीत, नाहीतर सकाळचा उशीर संध्याकाळी दीड तासाचा होतो आणि शेवटी ताटकळतो तो लांबून आलेला माणूस. नकार त्याच दिवशी, कारणासह द्यावा. ‘बघतो, कळवतो’ म्हणून झुलवत ठेवलेला माणूस सचिवावर नव्हे, नेत्यावर नाराज होतो.

सगळ्यांत जास्त नुकसान ‘साहेबांनी सांगितलंय’ या तोंडी निरोपाने होते. साहेबांनी ‘चौकशी करा’ म्हटलेले असते, खालपर्यंत जाताना त्याचे ‘काम करून टाका’ होते. अखिल भारतीय सेवांच्या 1968 च्या वर्तणूक नियमांतही वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी असावा आणि तोंडी दिल्यास लेखी पक्का करावा असे आहे. सचिवाने फोनवरचा प्रत्येक निरोप वेळ टाकून वहीत लिहावा, समोरच्याकडून परत वदवून घ्यावा आणि त्याच दिवशी दोन ओळींचे पत्र पाठवावे. मतभेद असेल तर तो खोलीत, दार लावून, निर्णयाआधी सांगावा. एकदा तोंडी आणि गंभीर असेल तर एकदा लेखी. निर्णय झाल्यावर बाहेर त्याबद्दल कुजबुज करणाऱ्या सचिवाने राजीनामा दिलेला बरा.

पुण्याचा दौरा आखताना आधी पंचांग पाहावे. आषाढी वारीत आळंदी आणि देहूच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असतात, त्या दिवसांत भवानी पेठ, नाना पेठ परिसरात वाहनांचा ताफा नेण्याचा विचारही करू नये. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्याचे तेच. लोहगाव हा हवाई दलाचा तळ असल्याने विमानाच्या वेळा त्यांच्या सरावाशी जुळवाव्या लागतात.

महादेवभाई देसाई हे या कामातले सर्वांत मोठे नाव. 1917 पासून 25 वर्षे ते गांधीजींजवळ होते. 1932 मध्ये येरवडा तुरुंगात गांधीजी आणि वल्लभभाईंबरोबर असताना ते पत्रे वाचून दाखवीत, सांगितलेली उत्तरे उतरवून घेत आणि दिवसाचे बोलणे रोजनिशीत नोंदवीत. 9 ऑगस्ट 1942 रोजी अटक होऊन ते आगाखान पॅलेसमध्ये आले आणि 15 ऑगस्टला हृदयविकाराने तिथेच गेले, वयाच्या 50 व्या वर्षी. त्यांची समाधी त्याच आवारात आहे. त्यांच्यासारखी निष्ठा वंदनीय, पण सुट्टी न घेणे हे कोणत्याही कार्यालयाने नियम म्हणून स्वीकारू नये. थकलेला सचिव तारखा चुकवतो, आणि सगळी माहिती एकाच डोक्यात असेल तर तो आजारी पडताच काम ठप्प होते. म्हणून प्रलंबित कामांची वही दर शुक्रवारी दुसऱ्या सहायकाने वाचावी. पद सोडताना दिलेल्या आश्वासनांची यादी, शिक्के, शिल्लक लेटरहेडचे क्रमांक, किल्ल्या आणि ईमेलचे पासवर्ड पंचनाम्यासारखे मोजून सोपवावेत, दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलावेत.