बालस्नेही शिस्त

बालस्नेही शिस्त : मुलाला शिक्षा करण्याआधी त्याच्या वागण्यामागचे कारण शोधणारी शालेय रीत. अक्षर जसे गिरवून येते, तसेच पाळी येईपर्यंत थांबणे, राग आला तर न मारता सांगणे हेही सरावानेच येते, अशी तिची धारणा आहे. मूल सुखात असेल तरच हा सराव जमतो. म्हणून वागणूक आणि मनःस्वास्थ्य हे दोन वेगळे विषय तिला मान्य नाहीत.

मराठवाड्यात या रीतीचा विचार ऊसतोड बाजूला ठेवून करता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास प्रामुख्याने बीड जिल्ह्यातून मजुरांच्या टोळ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या फडांवर जातात; गळीत हंगाम संपला की परततात. मागे आजीपाशी राहिलेले पोर दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात मारामाऱ्या करू लागते, वही आणत नाही, नाहीतर अगदीच गप्प होते. हजेरीपटावर ते ‘हजर’ असते. गुरुजींना ते बिघडल्यासारखे वाटते. खरे तर त्याला आई हवी असते. अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. नाव वसतिगृह असले, तरी बऱ्याच गावांत मुले तिथे दोन वेळा जेवतात आणि झोपायला नातलगांकडे जातात. जेवणाच्या पंगतीत कोण घास चिवडत बसले आहे, हे पाहणारा शिक्षक वर्गातल्या निम्म्या तक्रारींचे मूळ आधीच ओळखतो.

कायद्याची बाजू सरळ आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. अंगठे धरायला लावणे, कोंबडा करणे, उठाबशा हे सारे पहिल्या प्रकारात मोडते. ‘बापासारखाच ढ’ असे चारचौघांत म्हणणे दुसऱ्या प्रकारात येते, आणि ते छडीपेक्षा जास्त काळ टिकते. अडचण अशी, की ‘गुर्जी, हाणा पण शिकवा’ असे पालक आजही मनापासून सांगतात. शाळा व्यवस्थापन समितीत याच कायद्याने तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. छडीचा विषय तिथे मोकळेपणाने निघाला पाहिजे, तो सहसा निघत नाही.

वर्गात ही रीत छोट्या गोष्टींतून दिसते. नियम मुलांनीच ठरवायचे, चार-पाचच ठेवायचे आणि ‘पळू नका’ऐवजी ‘चालत जा’ अशा शब्दांत लिहायचे. नुसते ‘शाब्बास’ पुरत नाही. ‘तू लहान मुलाला आधी पाणी भरू दिलंस’ असे नेमके सांगितले, तर काय चांगले झाले ते मुलाला कळते. परिपाठानंतर दोन मिनिटे ‘आज कसं वाटतंय’ विचारणे एवढाही उपक्रम पुरतो, मात्र तो रोज व्हावा लागतो. या दिशेचा एक मोठा प्रयोग मराठवाड्यातच झाला : शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला आणि पुढे राज्यात पसरला. संविधानातली मूल्ये पाठ करून घेण्याऐवजी जोडीतली चर्चा, गटातले काम आणि खेळ यांतून ती अंगवळणी पाडायची, हे त्याचे सूत्र.

तांड्यावरच्या शाळेत प्रश्न आणखी निराळा. पहिलीतले मूल घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलते. ‘रांगेत उभे राहा’ हे त्याने ऐकले नाही, तर तो हट्ट नसतो, कित्येकदा त्याला वाक्यच समजलेले नसते. ‘ये, बस, पाणी पी’ एवढे चार शब्द गोरमाटीत शिकून घेतलेल्या बाईंच्या वर्गात ओरडण्याची वेळ कमी येते.