इचलकरंजीत माग, कोल्हापुरात भट्टी

इचलकरंजीच्या कुठल्याही पेठेत उभं राहा, यंत्रमागांची खडखड कानावर येतेच. तिथून जेमतेम ३० किलोमीटरवर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ फिरत असतात आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यांत ओतलं जातं. दोन्ही गावं पंचगंगेच्याच काठची, माणसं एकाच मुलखातली. मग धंदे इतके वेगळे का?

सुरुवात बऱ्याचदा एखाद्याच माणसाच्या धडपडीतून होते. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार घोरपडे यांनी त्यांना पाठबळ दिलं. कोल्हापूरच्या कारखानदारीला शेतीने हात दिला: उसाला पाणी हवं, पाण्याला पंप हवा, पंपाला ऑइल इंजिन हवं.

पण एक माग आला म्हणून गाव मागाचं होत नाही. पाठोपाठ सुताला खळ देणारे सायझिंगवाले येतात, बीमचा, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळाचा, एकेक धागा मागात ओवणारे वहिफणी कामगार येतात, माग अडला की दुरुस्तीला हाकेसरशी धावणारा जॉबर येतो. व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारे ‘खर्चीवाले’ थोडक्या मागांवर संसार उभा करतात. ही सगळी माणसं हाताशी असली की नवा मागवालाही तिथेच शेड टाकतो.

मग त्याच गावात फाउंड्र्याही का वाढू नयेत? अर्थतज्ज्ञ व्हर्नन हेंडरसन यांनी १९७४ मध्ये याची जी उकल मांडली, ती मला फार नेमकी वाटते. शेजारी आपल्याच धंद्यातला असेल तर फायदा होतो, पण गर्दीचा भार सगळ्यांचाच सोसावा लागतो. फाउंड्री आली तर जागेचं भाडं वाढेल, रस्ते तुंबतील, मागवाल्याला मात्र तिचा काडीचाही उपयोग नाही. म्हणून लहान शहरं एकाच धंद्यात मुरतात.

महानगरांचं गणित वेगळं. नवी वस्तू कशी बनवायची हेच ठरलेलं नसतं, तेव्हा दहा तऱ्हेचे कारागीर आणि पुरवठादार जवळ लागतात. ते मोठ्या शहरातच सापडतात. कृती एकदा पक्की झाली की महागड्या जागेत राहणं परवडत नाही. मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ ची. पुढे विणकामाचा मोठा हिस्सा भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे सरकला. १९८२ च्या गिरणी संपाने तो ओघ वाढवला, पण संपाआधीच तो सुरू झाला होता, हे आपण विसरतो. कोरियातही सोलमधले कारखाने आधी उपनगरांत आणि मग दूरच्या शहरांत गेले.

एकाच धंद्यावर उभ्या गावाला धोकाही मोठा. सुताचा भाव हलला की चहाच्या गाड्यापर्यंत झळ पोहोचते. आता इचलकरंजीत साधे माग भंगारात जाऊन शटललेस, म्हणजे धोट्याविना चालणारे, माग येत आहेत. साध्या मागाची नस न नस ओळखणाऱ्या जॉबरला इलेक्ट्रॉनिक कार्डाचा बिघाड नव्याने शिकावा लागतो आहे.