एचआयव्ही-संपर्कित अर्भकांवरील उपचारांचे निरीक्षण

एचआयव्ही-बाधित मातेच्या पोटी जन्मलेल्या बालकाला संसर्ग झाला आहे काय आणि विषाणुरोधी औषधे त्याला लागू पडत आहेत काय, हे ठरावीक काळाने तपासत राहण्याची पद्धती. काही बालके केवळ प्रतिबंधासाठी थोडे आठवडे औषध घेतात. संसर्ग सिद्ध झालेल्यांना ते कायम घ्यावे लागते.

मातेची प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने, अँटिबॉडी) वारेतून गर्भात उतरतात व सुमारे १८ महिन्यांपर्यंत बालकाच्या रक्तात टिकू शकतात. त्यामुळे त्या वयाआधी प्रतिपिंड-चाचणीवरून निदान करता येत नाही. विषाणूचा डीएनए किंवा आरएनए शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते. टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर सुकवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतात. पहिली चाचणी साधारणतः ४ ते ६ आठवड्यांनी होते. स्तनपान चालू असेतो धोका संपत नाही, म्हणून ते थांबल्यावर पुन्हा तपासणी होते.

संसर्ग नेमका केव्हा झाला, याचे उत्तर रूढ संकेताने दिले जाते. जन्मानंतर ४८ तासांच्या आत विषाणू सापडल्यास गर्भाशयातील संसर्ग. पहिल्या आठवड्यात न सापडता नंतर सापडल्यास प्रसूतिकाळातील. मात्र प्रतिबंधक औषधे चालू असताना विषाणू चाचणीच्या मर्यादेखाली जाऊ शकतो, तेव्हा या सीमारेषेला काटेकोर मानू नये हे बरे.

दक्षिण आफ्रिकेतील ‘चेर’ या उपचारांच्या तुलनात्मक प्रयोगाने (२००८) उपचारांची दिशा बदलली. ६ ते १२ आठवडे वयाच्या बाधित अर्भकांना लगेच औषधे दिल्यास मृत्यूचे प्रमाण ४ टक्के, तर सीडी४ (एचआयव्ही नष्ट करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) घटण्याची वाट पाहिल्यास १६ टक्के आढळले. पण लवकरच्या उपचारांनी निदानाचा नवा पेच उभा केला. अशा बालकांत स्वतःची प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत. मातेची ओसरली की १८ महिन्यांनंतरची चाचणीही नकारार्थी येऊ शकते. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जन्मानंतर सुमारे ३० तासांत उपचार सुरू झालेल्या एका बालिकेत औषधे बंद झाल्यावरही दोन वर्षांहून अधिक काळ विषाणू आढळला नाही. काहींनी याला ‘कार्यात्मक बरे होणे’ (औषधांविना विषाणू काबूत राहणे) म्हटले. २०१४ मध्ये विषाणू परतला. उपचाराखालील नकारार्थी अहवाल म्हणजे संसर्गमुक्ती नव्हे, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य ठरते.

उपचारांचा मुख्य निकष विषाणुभार, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण. अर्भकांत तो सुरुवातीस फार जास्त असतो व प्रौढांपेक्षा सावकाश उतरतो. मिलिलिटरमागे विषाणूच्या १,००० प्रतींहून अधिक भार टिकून राहिल्यास प्रथम औषध नियमित व पुरेसे पोटात जाते का ते पाहतात, मग औषधरोधाचा (विषाणूवर औषध न चालण्याचा) विचार करतात. मातेला किंवा बालकाला पूर्वी नेव्हिरापीन हे विषाणुरोधी औषध मिळाले असल्यास रोधाचा संशय बळावतो. पाच वर्षांखालील मुलांत सीडी४ पेशींच्या संख्येऐवजी टक्केवारी पाहतात, कारण संख्या वयानुसार आपोआप घटते. वजन दर भेटीत घेतात: ते वाढीचे माप आहेच, शिवाय मात्राही त्यावरच ठरते. वजन वाढूनही मात्रा जुनीच राहिली, तर औषध अपुरे पडते.