फ्रान्सच्या सागरपार प्रदेशांचा कारभार

युरोपाबाहेरच्या ज्या भूभागांवर आजही फ्रान्सचे सार्वभौमत्व आहे, त्यांच्या शासनाची व्यवस्था. कॅरिबियन समुद्रातील ग्वादेलोप, मार्टिनिक, सेंट मार्टिन व सेंट बार्थेलेमी, दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना, हिंदी महासागरातील रेयूनियों व मायोत, कॅनडाच्या किनाऱ्याजवळची सेंट पियर व मिकेलों ही चिमुकली बेटे, प्रशांत महासागरातील न्यू कॅलिडोनिया, फ्रेंच पॉलिनेशिया आणि वॉलिस व फुतुना हे त्यांतले वस्ती असलेले प्रदेश. सगळ्यांची लोकसंख्या मिळून २७-२८ लाखांच्या आसपास भरते. पण फ्रान्सच्या वाट्याला आलेले सुमारे एक कोटी चौ. किमी.चे अनन्य आर्थिक सागरी क्षेत्र (जिथल्या मासेमारीवर व खनिजांवर फक्त त्या देशाचा हक्क असतो) जवळजवळ सगळे या प्रदेशांभोवतीच पसरलेले आहे आणि त्याबाबतीत फ्रान्सचा क्रमांक अमेरिकेच्या खालोखाल लागतो. पॅरिसला हे प्रदेश का हवेत, याचे बरेचसे उत्तर या आकड्यात आहे. तिथल्या लोकांना फ्रान्स का हवा किंवा का नको, याचे उत्तर मात्र बेटागणिक बदलते आणि कारभाराची पद्धतही त्याबरोबर बदलते.

भारतीय वाचकाला सर्वांत चकित करणारा टप्पा १९४६ सालचा आहे. आशियात स्वातंत्र्याचे वारे वाहत असताना मार्टिनिक, ग्वादेलोप, गयाना आणि रेयूनियों या चार जुन्या वसाहतींच्या लोकप्रतिनिधींनी फ्रान्सपासून वेगळे होण्याची नव्हे, तर फ्रान्समध्ये पूर्णपणे सामावून घेण्याची मागणी केली. संसदेत हे विधेयक मांडून त्याची बाजू लढवणारा प्रतिनिधी होता मार्टिनिकचा कवी एमे सेझेर, वसाहतवादाचा कडवा टीकाकार. १९ मार्च १९४६ च्या कायद्याने या चार वसाहती ‘देपार्तमाँ’, म्हणजे फ्रान्सचे रीतसर जिल्हे झाल्या. या मागणीमागे इतिहास होता. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा तिथले मुक्त झालेले गुलाम फ्रेंच नागरिक ठरले होते. पण उसाचे मळे, कारखाने आणि व्यापार मूठभर गोऱ्या घराण्यांच्याच हातात राहिला. पॅरिसचे कामगार कायदे आणि विमा योजना इथे लागू झाल्या तर गव्हर्नर आणि मळेवाल्यांची मनमानी संपेल, असा या प्रतिनिधींचा हिशेब होता. समता हीच त्यांच्या लेखी मुक्ती होती.

ही समता मिळायला फार वेळ लागला. कायदे आले, प्रीफेक्ट (पॅरिसने नेमलेले जिल्ह्याचे प्रमुख अधिकारी) आले, पण सामाजिक हक्क हप्त्याहप्त्याने आले. किमान वेतन मुख्य भूमीच्या बरोबरीला यायला १९९६ साल उजाडले, म्हणजे तब्बल ५० वर्षे गेली. दरम्यान सरकारी नोकरांना मात्र महागाईपोटी मूळ पगारावर घसघशीत वाढ मिळत राहिली. कॅरिबियन बेटांत ती ४० टक्के आहे. त्यामुळे सरकारी नोकरी असलेला आणि नसलेला, असे दोन वर्ग प्रत्येक बेटावर उभे राहिले. बेकारीवर उपाय म्हणून १९६३ ते १९८१ या काळात एका सरकारी संस्थेमार्फत हजारो तरुणांना मुख्य भूमीवर कामाला नेण्यात आले. रेयूनियोंमधली सुमारे दोन हजार मुले तर घरापासून तोडून फ्रान्सच्या ओस पडत चाललेल्या ग्रामीण भागांत, विशेषतः क्रज जिल्ह्यात, धाडण्यात आली. राज्याने या मुलांबाबतची आपली नैतिक जबाबदारी पार पाडली नाही, असा ठराव नॅशनल असेंब्लीने २०१४ मध्ये केला. या मुलांच्या बाबतीत प्रशासनाने जे केले त्याला क्रौर्य हाच शब्द आहे.

आजची चौकट २८ मार्च २००३ च्या घटनादुरुस्तीतून आली. तिचे दोन खांब म्हणजे राज्यघटनेची कलमे ७३ आणि ७४. कलम ७३ खालील प्रदेशांत (ग्वादेलोप, मार्टिनिक, गयाना, रेयूनियों, मायोत) पॅरिसला मंजूर झालेला कायदा आपोआप लागू होतो. स्थानिक परिस्थितीनुसार त्यात फेरफार करता येतात, इतकेच. कलम ७४ खालील प्रदेशांत प्रत्येकाचा दर्जा वेगळ्या मूलभूत कायद्याने ठरतो आणि तिथे किती अधिकार स्थानिक सभागृहाला द्यायचे हे त्या कायद्यात लिहिलेले असते. व्यवहारात हा फरक एका वाक्यावर येऊन ठेपतो. नवा कायदा ग्वादेलोपमध्ये राजपत्रात छापून आला की पुरे, पण फ्रेंच पॉलिनेशियातल्या ताहिती बेटावर लागू व्हायचा तर बहुतेक विषयांत ‘फ्रेंच पॉलिनेशियास लागू’ असा स्पष्ट उल्लेख त्यात असावा लागतो. तो करायचा राहिला, तर तिथे जुनाच कायदा चालू राहतो.

दोन्ही ठिकाणी राज्याचा प्रतिनिधी पॅरिसहून नेमला जातो. कलम ७३ च्या प्रदेशांत तो प्रीफेक्ट असतो, न्यू कॅलिडोनिया व पॉलिनेशियात उच्चायुक्त, तर वॉलिस व फुतुना येथे वरिष्ठ प्रशासक. पोलीस, परदेशी नागरिकांचे परवाने, आपत्कालीन व्यवस्था आणि स्थानिक संस्थांच्या निर्णयांची कायदेशीर तपासणी ही त्याची कामे. पॅरिसमध्ये सागरपार प्रदेशांचे मंत्रालय ऊदिनो रस्त्यावर आहे, जिथे पूर्वी वसाहत मंत्रालय बसत असे. संसदेत या प्रदेशांचे ५७७ पैकी २७ प्रतिनिधी आणि ३४८ पैकी २१ सिनेटर असतात. अध्यक्षीय निवडणुकीत अमेरिका खंडाकडील प्रदेश आणि पॉलिनेशिया रविवारऐवजी शनिवारी मतदान करतात. पूर्वी तिथले लोक मत द्यायला निघेपर्यंत पॅरिसचा निकाल जाहीर झालेला असे.

पैशाच्या कारभारात सर्वांत बोलका विषय ‘ऑक्त्रुआ द मेर’ हा कर. सतराव्या शतकापासून चालत आलेली ही आयातीवरची जकात कलम ७३ च्या पाचही प्रदेशांत आहे. समजा फ्रान्सच्या ल आव्र बंदरातून निघालेला दुधाच्या भुकटीचा डबा मार्टिनिकची राजधानी फोर-द-फ्रान्सला उतरला. मार्टिनिकच्या सभागृहाने ठरवलेल्या दराने सीमाशुल्क खाते त्यावर कर वसूल करते. स्थानिक मालाला कमी दर किंवा सूट असल्याने बेटावरच्या उत्पादकाला संरक्षण मिळते आणि जमा रकमेचा मोठा भाग गावांच्या नगरपालिकांना जातो. म्हणजे नगरपालिकेच्या कारकुनाचा पगार ज्या करातून निघतो, तोच कर त्याच्या घरचे वाणसामान महाग करतो. वाहतूक खर्च आणि मोजक्या आयातदारांची पकड यांची त्यात भर पडते. खाद्यपदार्थ मुख्य भूमीपेक्षा सुमारे ४० टक्के महाग असल्याचे फ्रेंच सांख्यिकी संस्थेने २०२२ मध्ये नोंदवले. २००९ मध्ये ग्वादेलोप ४४ दिवस संपाने बंद पडले होते आणि २०२४ मध्ये मार्टिनिक पेटले, ते याच महागाईपायी. कर रद्द करा असे म्हणणे सोपे आहे. त्याच्या जागी नगरपालिकांना काय द्यायचे, यावर गाडी अडते.

समतेच्या तत्त्वाला सर्वांत खोल तडा मात्र क्लोरडेकोन या कीटकनाशकाने दिला. १९९० मध्ये फ्रान्सने त्यावर बंदी घातली, पण कॅरिबियन बेटांतल्या केळीच्या बागांसाठी खास सवलत देऊन ते १९९३ पर्यंत वापरू दिले. आज मार्टिनिक व ग्वादेलोपच्या मातीत आणि ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याचे अंश सापडतात. न्यायालयीन तपास २०२३ मध्ये कुणालाही दोषी न धरता बंद झाला. एकच कायदा सगळ्यांना, असे सांगणाऱ्या राज्याने अपवाद केला तो नेमका इथे, हे तिथले लोक विसरलेले नाहीत.

तरीही स्वायत्ततेचा प्रश्न समोर आला की उत्तर सरळ नसते. जानेवारी २०१० मध्ये मार्टिनिक आणि गयानाच्या मतदारांनी कलम ७४ कडे जाण्यास मोठ्या बहुमताने नकार दिला. दोनच आठवड्यांनी जिल्हा व प्रांत यांची दोन सभागृहे एकत्र करण्यास होकार दिला. हक्काच्या योजना हातच्या जातील, ही भीती त्या नकारामागे होती. रेयूनियोंने तर २००३ मध्ये ठराविक विषयांत स्वतःचे नियम करण्याचा अधिकारही घटनेतूनच नाकारून घेतला. ती दुरुस्ती आणणारे सिनेटर होते तमिळ वंशाचे झाँ-पॉल विरापुल्ले. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज रेयूनियोंच्या राजकारणात किती मुरले आहेत, हे त्यावरून दिसते.

मायोतची कथा याच इच्छेचे टोक आहे. कोमोरो बेटे १९७५ मध्ये स्वतंत्र झाली, पण मायोतने फ्रान्ससोबत राहणे पसंत केले. २००९ च्या सार्वमतात ९५ टक्के लोकांनी देपार्तमाँ होण्याच्या बाजूने कौल दिला आणि ३१ मार्च २०११ रोजी तो फ्रान्सचा १०१ वा जिल्हा झाला. त्यासाठी मुस्लिमबहुल बेटावरील काझींची न्यायदानाची कामे बंद करावी लागली. कोमोरो आजही मायोतवर हक्क सांगतो. तिथून होड्यांतून येणाऱ्या लोकांमुळे जन्माने नागरिकत्व मिळण्याचे नियम फक्त या जिल्ह्यासाठी २०१८ पासून कडक करण्यात आले.

दुसऱ्या बाजूला फ्रेंच पॉलिनेशियाला स्वतःचा अध्यक्ष, ५७ सदस्यांचे सभागृह आणि स्वतःचे कर आहेत. त्याच प्रदेशातील मोरुरोआ व फांगाटाउफा या प्रवाळबेटांवर फ्रान्सने १९६६ ते १९९६ दरम्यान १९३ अणुचाचण्या केल्या, तेव्हा स्थानिकांची संमती कुणी विचारली नव्हती. वॉलिस व फुतुनाचा कारभार १९६१ च्या कायद्याने चालतो. उव्हेआ, सिगाव्हे आणि आलो ही तीन राज्ये तिथे शाबूत आहेत, त्यांच्या राजांना प्रजासत्ताक मानधन देते आणि ते वरिष्ठ प्रशासकाच्या परिषदेत बसतात. प्राथमिक शाळा राज्याच्या पैशातून कॅथलिक मिशन चालवत आले आहे. धर्म आणि राज्य यांची काटेकोर फारकत मिरवणाऱ्या देशाने ही तडजोड साठ वर्षांहून अधिक काळ निभावली आहे.

कायम वस्ती नसलेल्या दक्षिणी व अंटार्क्टिक प्रदेशांचे प्रीफेक्ट रेयूनियोंमधल्या सेंट पियर शहरातून काम पाहतात आणि केर्गेलेनसारख्या बेटांवरच्या तळांना मारियों द्युफ्रेन हे जहाज रसद पुरवते. युरोपीय संघाच्या दृष्टीनेही दोन वर्ग आहेत. कलम ७३ चे पाच प्रदेश आणि सेंट मार्टिन संघाचा भाग आहेत, बाकीचे केवळ संलग्न. प्रशांत महासागरात युरोऐवजी त्याच्याशी जखडलेला सीएफपी फ्रँक चालतो. गयानातील कुरू हे युरोपचे अवकाशतळ असून भारताचा ‘ॲपल’ उपग्रह १९८१ मध्ये तिथूनच सुटला. पुढे इन्सॅट आणि जीसॅट मालिकेतले अनेक उपग्रहही तिथूनच गेले.

महाराष्ट्र व गोव्याच्या वाचकाला इथे पोर्तुगाल आठवणे स्वाभाविक आहे. १९५१ मध्ये सालाझारनेही गोव्याला ‘सागरपार प्रांत’ ठरवले होते. पण ते हुकूमशाहीने बदललेले नाव होते. गोमंतकीयांना कुणी विचारले नव्हते. फ्रान्सने पाँडिचेरी, कारैकल, माहे आणि यानम यांचा ताबा १ नोव्हेंबर १९५४ रोजी वाटाघाटींनी सोडला. मतपेटी हा फ्रेंच व्यवस्थेचा खरा आधार आहे, आणि ती कुणासाठी उघडायची यावरच आज सर्वांत मोठा वाद पेटला आहे.

तो वाद न्यू कॅलिडोनियाचा. तिथले मूळ रहिवासी कनाक २०१९ च्या जनगणनेत लोकसंख्येच्या सुमारे ४१ टक्के होते. १९८८ मधल्या तिथल्याच उव्हेआ बेटावरील (वॉलिसच्या उव्हेआहून हे वेगळे) रक्तपातानंतर मातिन्यों करार झाला. ५ मे १९९८ च्या नूमेआ (तिथली राजधानी) कराराने राज्यघटनेत या प्रदेशासाठी स्वतंत्र प्रकरण आले. संरक्षण, चलन, न्याय, पोलीस आणि परराष्ट्र व्यवहार सोडून बहुतेक अधिकार टप्प्याटप्प्याने, परत न घेण्याच्या अटीवर नूमेआकडे गेले. सरकारात पक्षांना बळाच्या प्रमाणात जागा मिळतात, म्हणजे स्वातंत्र्यवादी आणि फ्रान्सवादी एकाच मेजाशी बसतात. प्रांतिक निवडणुकांची मतदार यादी मूलतः १९९८ च्या रहिवाशांपुरती गोठवली गेली. २०१८ आणि २०२० च्या सार्वमतांत स्वातंत्र्याविरुद्ध अनुक्रमे ५६.७ आणि ५३.३ टक्के मते पडली. डिसेंबर २०२१ मध्ये कनाकांच्या बहिष्कारामुळे मतदान ४४ टक्क्यांवर घसरले आणि विरोधी मते ९६.५ टक्के झाली. पॅरिसने तो निकाल अंतिम मानला, ही माझ्या मते मोठी चूक होती. मे २०२४ मध्ये दहा वर्षे राहिलेल्यांना यादीत घेण्याची घटनादुरुस्ती पुढे रेटली गेली आणि नूमेआत दंगली उसळल्या. १४ जणांचे प्राण गेल्यावर दुरुस्ती मागे पडली. १२ जुलै २०२५ रोजी बूजिव्हाल येथे ‘न्यू कॅलिडोनियाचे राज्य’ फ्रान्सच्या अंतर्गत स्थापन करण्याच्या मसुद्यावर सह्या झाल्या. पुढच्याच महिन्यात कनाकांच्या मुख्य स्वातंत्र्यवादी आघाडीने तो फेटाळला.