मोनेच्या बागेला जायचंय? मग विमानाची तिकिटं काढायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी, पॅरिसहून एक दिवस जिव्हर्नी गावात फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं घर आणि बाग बघायला जायची ट्रिप आपल्याकडे बरेच जण मागतात, आणि दरवर्षी गणपती झाले की दादरच्या ऑफिसात तोच फोन येतो, "दिवाळीच्या सुट्टीची तिकिटं काढलीत, आता तेवढी बाग बसवून द्या." तारीख बघावी तर नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. अहो, ती बाग १ एप्रिल ते १ नोव्हेंबर एवढीच उघडी असते! दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात, सगळं तिथेच अडतं, मग विमान बदला, हॉटेल बदला, तुमचे पैसे जातात आणि आमचे चार दिवस. म्हणून आधी फक्त तारखा व्हॉट्सअ‍ॅप करा, आम्ही बघून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.

मे महिन्यात जाणारे विचारतात बागेतल्या तळ्यात कमळं का नाहीत. ती वॉटर लिली, पानं पाण्यावर सपाट पसरलेली, खरा बहर जुलैपासून. मेमध्ये तळ्यावरच्या हिरव्या जपानी पुलावर विस्टेरियाच्या वेलीचे जांभळे घोस लोंबत असतात, तेही डोळे भरून बघण्यासारखं.

आणि प्लीज, घरासमोरची फुलबाग बघून परत फिरू नका, तळं रस्त्यापलीकडे आहे, रस्त्याखालच्या बोगद्यातून जायचं. मोने १८८३ ला इथे आला, तळ्याची जागा १८९३ ला घेतली, १९२६ ला वारेपर्यंत इथेच राहिला. घरात पिवळीधमक डायनिंग रूम आणि निळ्या टाइल्सचं स्वयंपाकघर आहे, तिथली तांब्याची भांडी बघून आमच्या ग्रुपमधल्या काकू हलतच नाहीत.

"व्हर्सायचा राजवाडापण त्याच दिवशी करा ना" असं म्हणतात, आम्ही करत नाही. पॅरिसच्या सँ लाझार स्टेशनवरून व्हर्नों गावापर्यंत ट्रेन पाऊण-एक तास, पुढे बस, मग बागेत निवांत तीन तास तरी हवेतच, धावतपळत दाखवून पैसे घेणं आम्हाला पटत नाही. ग्रुपही बारा जणांचाच ठेवतो.

नोव्हेंबरातच जाणं भाग असेल तर पॅरिसमधलं ओरांजरी म्युझियम करून देतो, तिथे दोन लंबगोल खोल्यांत त्याच तळ्याची आठ भलीमोठी चित्रं आहेत. फक्त मंगळवार टाळा, बंद असतं.