तलवारीच्या पात्यातले कोबाल्ट

तलवारबाजीच्या खेळात मॅरेजिंग पोलादाच्या, म्हणजे निकेल-कोबाल्ट मिसळून उष्णतेने कठीण केलेल्या पोलादाच्या, पात्यांविषयी एक समजूत पक्की रुजलेली आहे. असे पाते मोडले तरी सपाट मोडते, त्याला अणकुचीदार टोक राहत नाही आणि म्हणून ते सुरक्षित असते, असे खेळाडूच नव्हे तर विक्रेतेही सांगतात. प्रत्यक्ष चाचण्यांत मात्र साध्या कार्बन पोलादाची आणि मॅरेजिंग पोलादाची पाती सारख्याच रीतीने मोडलेली आढळली. खरा फरक असा, की मॅरेजिंग पोलादात भेग फार सावकाश पसरते, त्यामुळे पाते मोडण्याचे प्रसंगच कमी येतात. १९८२ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे मोडलेले पाते मुखवट्यातून आत घुसून सोव्हिएत संघाचे ऑलिंपिक विजेते व्लादिमीर स्मिर्नोव यांचा मृत्यू झाला. त्यानंतर मुखवटे, अंगरखे आणि पाती यांचे नियम कडक झाले आणि आज वरच्या पातळीवरील आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फॉइल व एपे या तलवारीच्या प्रकारांसाठी मॅरेजिंगचीच पाती लागतात.

ही पाती महाग असतात, आणि साध्या पात्यावर मॅरेजिंगचा खोटा शिक्का मारणे फारसे अवघड नाही. चुंबक लावून फरक कळत नाही, कारण चुंबक दोन्हींना चिकटतो. अशा वेळी उपयोगी पडते ते ड्रिलयंत्राच्या आकाराचे, हातात धरायचे क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र. मुठीजवळचा भाग बारीक पॉलिश कागदाने घासून गंज व तेल काढायचे, वार नोंदवणारी विजेची तार चिकटवलेली खाच टाळायची आणि यंत्राची खिडकी धातूला टेकवायची. पाते बहुधा खिडकीपेक्षा अरुंद असते, त्यामुळे किरणांचा झोत आणखी बारीक करावा लागतो. काही सेकंदांत पडद्यावर मूलद्रव्यांची टक्केवारी उमटते.

यंत्रातून निघालेला क्ष-किरण लोखंडाच्या अणूवर आदळला, की सर्वांत आतल्या ‘के’ कवचातला एखादा इलेक्ट्रॉन उडवला जातो. ती जागा भरण्यासाठी बाहेरच्या ‘एल’ कवचातला इलेक्ट्रॉन खाली येतो आणि दोन कवचांच्या ऊर्जेतला फरक नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडू शकतो. हा फरक प्रत्येक मूलद्रव्याचा स्वतःचा असतो. हेन्री मोझली या तरुण इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये त्यातला नियम शोधला: अणुक्रमांकातून एक वजा करावा, उरलेल्या संख्येचा वर्ग करावा आणि त्याला १०.२ ने गुणावे, म्हणजे या किरणाची ऊर्जा साधारणपणे इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात मिळते. लोखंडाचा क्रमांक २६, पंचवीसचा वर्ग ६२५, गुणाकार ६,३७५. प्रत्यक्ष मोजलेली ऊर्जा सुमारे ६,४०० आहे. इतक्या साध्या गणिताने अणूच्या अंतरंगाचा एवढा नेमका अंदाज यावा, याचे मला अजूनही नवल वाटते. मूलद्रव्यांचा क्रम लावण्याचा एक वादही याच नियमाने मिटला. अणुभारानुसार निकेल कोबाल्टच्या आधी यायला हवे होते. मोझलीच्या मोजणीने कोबाल्टचा क्रमांक २७ आणि निकेलचा २८ हे निर्विवाद ठरले. दोन वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, मोझली पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला.

मॅरेजिंग पोलादाच्या सर्वपरिचित प्रकारात सुमारे १८ टक्के निकेल, ८ ते ९ टक्के कोबाल्ट, ५ टक्क्यांच्या आसपास मॉलिब्डेनम आणि थोडे टायटॅनियम असते. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याचे कवचही याच जातीच्या पोलादाचे आहे. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल ही आवर्तसारणीतली सख्खी शेजारी, आणि गुंता नेमका येथेच होतो. वर सांगितलेला किरण आलेखावर शिखरासारखा उमटतो, ती मूलद्रव्याची मुख्य रेषा; लोखंडाची एक दुय्यम रेषाही असते. ‘एम’ कवचातून इलेक्ट्रॉन खाली आला की ७,०६० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा किरण निघतो. कोबाल्टची मुख्य रेषा ६,९३० वर आहे. दोहोंत अंतर १३०चे, आणि यंत्रातील सिलिकॉन डिटेक्टर या भागात प्रत्येक रेषा सुमारे १४० इतकी पसरट करून दाखवतो. शिवाय लोखंडाची दुय्यम रेषा तीव्रतेने मुख्य रेषेच्या साधारण एक अष्टमांश असते आणि या पोलादात कोबाल्टही लोखंडाच्या सुमारे एक अष्टमांशच असते, म्हणजे दोन शिखरे जवळपास सारख्या उंचीची होऊन एकमेकांत मिसळतात. दुय्यम आणि मुख्य रेषांचे प्रमाण ठरलेले असल्यामुळे संगणक लोखंडाचा वाटा वजा करून उरलेले कोबाल्टच्या खात्यात टाकतो. म्हणून अनुभवी तपासनीस आधी निकेल आणि मॉलिब्डेनम पाहतो. त्यांची शिखरे स्वच्छ दिसतात, आणि साध्या स्प्रिंग पोलादात निकेल एवढ्या प्रमाणात नसतेच.

हेच यंत्र ‘अष्टधातू’च्या अंगठीला लावले, तर तांबे किती आणि जस्त किती हे ते सांगेल. शनीचा कोप शमवणारे किंवा खेळाडूची ‘ऊर्जा संतुलित’ ठेवणारे शिखर मात्र आलेखावर कोठेही उमटत नाही.

यंत्राच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. लोखंड आणि निकेल यांचे किरण पृष्ठभागाखालच्या काही शतांश मिलिमीटरमधूनच बाहेर येऊ शकतात. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण निकेलचा मुलामा दिलेले साधे पाते न घासता तपासले तर परीक्षा मुलाम्याचीच होते. कार्बन तर या यंत्राला दिसतच नाही, कारण त्याचा २७७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा क्षीण किरण हवेत आणि खिडकीतच विरतो.

त्याहून मोठी अडचण उष्णतेच्या संस्काराची आहे. मॅरेजिंग पोलाद सुमारे ४८० अंश सेल्सिअसला काही तास ठेवले, की त्यात निकेलची मॉलिब्डेनम व टायटॅनियमबरोबरची अतिसूक्ष्म संयुगे तयार होतात आणि त्याची रॉकवेल सी मापनातली कठीणता सुमारे ३० वरून ५० च्या आसपास जाते. संस्कारापूर्वी आणि नंतर मूलद्रव्ये तीच, तेवढीच. म्हणून क्ष-किरणांचा आलेखही तोच येतो. भट्टीतून कच्चेच बाहेर आलेले पाते हे यंत्र निःशंकपणे उत्तीर्ण करील, आणि ते पकडण्यासाठी कठीणता मोजणारी हिऱ्याची सुई पात्यावर वेगळी दाबून पाहावी लागेल.