सार्वजनिक वस्तू

एकाने उपभोग घेतला तरी जी दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही आणि पैसे न देणाऱ्यालाही जिच्या लाभापासून दूर ठेवता येत नाही, अशा वस्तूला किंवा सेवेला अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणतात. देशाचे संरक्षण आणि पूर अडवणारा बांध ही तिची ठळक उदाहरणे. ‘सार्वजनिक’ हा शब्द येथे मालकीविषयी नाही, वस्तूच्या स्वभावाविषयी आहे. सरकारी कारखान्यातले पोलादही खाजगी वस्तूच ठरते, कारण एकाने नेलेले पोलाद दुसऱ्याला मिळत नाही. हा भेद निसटला की पुढची सगळी चर्चा भरकटते.

या कल्पनेला काटेकोर गणिती रूप अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ मध्ये दिले. समजा, बांध एक मीटरने वाढवायला ९० एकके खर्च येतो आणि शंभर कुटुंबांपैकी प्रत्येकाला त्यातून एका एककाचा लाभ होतो. सर्वांचा मिळून लाभ १००, म्हणजे काम करण्याजोगे आहे. पण एका एककासाठी एकटे कुटुंब ९० खर्चणार नाही. वर्गणी काढली, तर ‘मला पुराची भीती नाही’ असे सांगून हात आखडता घेणेच प्रत्येकाच्या फायद्याचे, कारण बांध झाला तर त्याचेही घर वाचणारच. यालाच फुकट लाभार्थ्याची समस्या म्हणतात. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी ती १७४० मध्येच ओळखली होती : सामायिक कुरणातले पाणी काढायला दोन शेजारी सहज एकत्र येतील, हजार माणसे येणार नाहीत.

समाजाला हवी ती गोष्ट योग्य प्रमाणात पुरवणे बाजाराला जमत नाही, तेव्हा त्याला बाजाराचे अपयश म्हणतात. सार्वजनिक वस्तू हे त्याचे एक कारण; ही संज्ञा याहून व्यापक आहे. मक्तेदारी, प्रदूषणासारखे बाह्य परिणाम, विक्रेत्याला ठाऊक पण ग्राहकाला अज्ञात असलेली माहिती, ही त्याची इतर कारणे.

दीपगृह हे सार्वजनिक वस्तूचे पाठ्यपुस्तकांतले लाडके उदाहरण. पण अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये दाखवले, की इंग्लंडमध्ये खाजगी व्यक्तींनीही दीपगृहे बांधली, चालवली आणि बंदरात येणाऱ्या जहाजांकडून शुल्क घेतले. मात्र शुल्काचा हक्क राजसत्तेच्या सनदेतून आला होता आणि ते देणे जहाजांना बंधनकारक होते. त्यामुळे या दाखल्यातून निखळ बाजाराचा विजय सिद्ध होत नाही; खाजगी चालक आणि सक्तीची वसुली यांची सांगड घालता येते, एवढे मात्र नक्की दिसते.

वस्तूचा प्रकार कायमचा ठरलेला नसतो. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण पूर्वी कोणालाही पाहता येई. वर्गणीदाराशिवाय इतरांना उलगडणार नाही अशा सांकेतिक रूपात ते पाठवता येऊ लागले, तेव्हा पैसे न देणाऱ्याला वगळणे शक्य झाले. याउलट समुद्रातल्या माशांपासून कोणाला रोखणे कठीण, पण एकाने पकडलेला मासा दुसऱ्याला मिळत नाही. अशी सामायिक संसाधने स्थानिक लोक स्वतः नियम घालून टिकवू शकतात, हे अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

सक्तीचा कर वर्गणी बुडवण्याची वाट बंद करतो. बांध किती उंच हवा, हा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण लोकांच्या मनातली खरी किंमत सरकारलाही दिसत नाही. क्लार्क (१९७१) आणि ग्रोव्ह्ज (१९७३) या अर्थशास्त्रज्ञांनी खरे सांगणेच प्रत्येकाला परवडेल अशा कर-रचना सुचवल्या. पण त्यांत जमा आणि खर्च यांचा मेळ सहसा बसत नाही.

जागतिक पातळीवर तर कर बसवणारी सत्ताच नाही. तरीही देवी रोगाचे निर्मूलन साधले. नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. त्यानंतर काही वर्षांत नेहमीचे लसीकरण सर्वच देशांत बंद झालेले होते. मोहिमेत कोणी किती वाटा उचलला होता, याने त्या लाभात काही फरक पडला नाही.